सतरा नंबरचं घड्याळ

माझ्या स्टेशनवर जाळ्याचा विश्वास त्रेचाळीस टक्के होता आणि माझ्या नवऱ्याच्या स्टेशनवर नव्व्याण्णव. आमच्या घरात भांडणाला दुसरं कारण लागत नसे.

हे आकडे आम्ही ठरवत नव्हतो, ते जाळंच ठरवायचं. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, बावीस स्टेशनं होती आणि त्या सगळ्यांचं मिळून नाव होतं ‘सागरकान’. माझं स्टेशन सतरावं, पूर्णगडच्या वर, उघड्या कातळावर. एप्रिलमध्ये तिथे दुपारी चप्पल काढून उभं राहून दाखवावं, मी आपला नमस्कार करीन. माझा नवरा निनाद नऊ नंबरला होता, श्रीवर्धनकडे. शनिवारी रात्री तो रत्नागिरीला घरी यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यातले एकत्र काढलेले दिवस मोजले तर वर्षही भरलं नसतं.

‘सागरकान’ काय करतं, हे मी हळदीकुंकवातही समजावून सांगितलेलं आहे, तेव्हा इथेही सांगते. शत्रूचं क्षेपणास्त्र उडालं की पहिल्यांदा ते दिसतं आकाशातल्या उपग्रहाला. त्याच्या डोळ्याला उष्णता दिसते, म्हणून इंजिन जळत असेपर्यंतच, म्हणजे दीड-दोन मिनिटंच, त्याचा उपयोग. इंजिन विझलं की क्षेपणास्त्र अंतराळात गार होऊन पुढे जात राहतं आणि उपग्रह आंधळा होतो. मग मोठं रडार त्याला धरतं. पण शत्रूही काही दूधखुळा नसतो. तो वर गेल्यावर खऱ्या स्फोटकाबरोबर चार-पाच फुगे सोडतो. आकार तोच, वरून धातूचा मुलामा. हवा नसल्यामुळे फुगा आणि टनभराचं स्फोटक एकाच वेगाने जातात आणि रडारला सगळे सारखेच दिसतात.

इथे आमचं काम सुरू होतं. मोठं रडार हाक मारतं आणि त्याचा प्रतिध्वनी आम्ही बावीस जण बावीस कोनांतून ऐकतो. जड वस्तू भोवऱ्यासारखी संथ डुलते, फुगा थरथरतो. बावीस ठिकाणचं ऐकलेलं एकावर एक नीट बसवलं की तो फरक कळतो आणि खरं कुठलं ते सांगता येतं. त्यावर पहिल्या थरातले रोधक, म्हणजे अडवायला जाणारी आपली क्षेपणास्त्रं, सुटतात आणि अंतराळातच निकाल लावतात. ते चुकले तर दुसरा थर, अगदी खाली, शहराच्या डोक्यावर. तिथे हाताशी वीस सेकंद असतात, आणि अडवलं तरी तुकडे लोकांच्या अंगावरच पडतात. म्हणून सगळी भिस्त पहिल्या थरावर.

मात्र एकावर एक नीट बसवायचं तर बावीस घड्याळं एकच वेळ दाखवायला हवीत. एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, इतकी चूक झाली तर अंतरात साधारण फुटाचा फरक पडतो. आमच्या प्रत्येक स्टेशनात अणुघड्याळ होतं आणि वेळेच्या वेगळ्या उपग्रहाकडून येणारी वेळ त्याला क्षणोक्षणी वळणावर आणायची. त्यामुळे ते कधी चुकायचंच नाही. निदान तसं सगळे समजत होते.

मी मात्र दर मंगळवारी भर दुपारी दोन तास उपग्रहाची तार काढून ठेवत असे. घड्याळ एकटं पडलं की कसं वागतं, त्याच्या पेटीत किती उकडत असताना तासाला किती पुढे पळतं, ते मी वहीत लिहून ठेवत असे. तार काढली की जाळ्याच्या लेखी तो दोष. दर मंगळवारी माझा विश्वासांक घसरायचा. पन्नासच्या खाली गेल्यावर माझं ऐकलेलं हिशेबात धरणं बंद झालं आणि सामायिक लाईनवरचा माझा माईकही बंद. मी फक्त ऐकू शकत होते.

ही खोड आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची.

आबा तेहतीस वर्षं व्यापारी जहाजांवर होते, शेवटची बरीच वर्षं सेकंड ऑफिसर. नकाशे आणि घड्याळं त्यांच्या ताब्यात. भंगारात निघालेल्या एका जुन्या जहाजावरचा क्रोनोमीटर त्यांनी घरी आणला होता, पितळी, लाकडी पेटीतला. भर समुद्रात आपण कुठे आहोत ते पूर्वी सूर्याताऱ्यांवरून काढत आणि त्यासाठी हे घड्याळ लागे. ते चार सेकंद चुकलं तर जहाज मैलभर चुकायचं. आणि गंमत म्हणजे असलं घड्याळ जुळवायचं नसतं. रोज सकाळी आठला एकाच माणसाने चावी द्यायची, दिली म्हणून कप्तानाला सांगायचं, खऱ्या वेळेशी ताडून ते किती मागे-पुढे आहे ते वहीत लिहायचं आणि काट्यांना हात लावायचा नाही. रोज ते सारखंच चुकत असेल तर त्याच्या भरवशावर जग फिरून येता येतं. काटे फिरवले की मागच्या सगळ्या नोंदी पाण्यात.

लग्नानंतर निनाद पहिल्यांदा आमच्या रत्नागिरीच्या घरी राहायला आला, त्या सकाळी तो लवकर उठला. पाहतो तर घड्याळ जवळजवळ दीड तास मागे. सासऱ्यांना बरं वाटेल म्हणून पठ्ठ्याने मोबाइलात बघून काटे जुळवून ठेवले, वर काच पुसून चकचकीत केली. अकरा वर्षांच्या नोंदी! आबा बाहेर आले, घड्याळाकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि परत आत गेले. जावयाशी ते दोन महिने बोलले नाहीत. बिचाऱ्याला आपला गुन्हा काय तेच कळेना. मी समजावून सांगितलं तेव्हा म्हणाला, “अगं, पण ते चुकीची वेळ दाखवत होतं!”

आमच्या संसारातली सगळी भांडणं त्या एका वाक्यात होती, फक्त ती पुढे चार वर्षं हप्त्याहप्त्याने बाहेर आली.

त्या एप्रिलातल्या एका रविवारी मोठा हप्ता आला. मला पत्र आलं होतं: सतरा नंबरचं स्टेशन सहा महिने पन्नासच्या खाली असल्यामुळे एक मेपासून जाळ्यातून वगळण्यात येईल. निनादलाही पत्र आलं होतं: नऊ नंबरच्या निर्दोष कामगिरीबद्दल पुण्याच्या मुख्य कक्षात बढती. दोन्ही पत्रं एकाच नमुन्याच्या लिफाफ्यात, एकाच सहीची.

“अजून पंधरा दिवस आहेत,” जेवताना निनाद म्हणाला. “दोन मंगळवार चाचणी सोड. अंक पन्नासच्या वर जाईल. मग मी पुण्याला गेलो की तुझी बदली मागून घेतो. एका घरात राहू, हेमा. मला आता या रविवारच्या संसाराचा कंटाळा आलाय.”

कंटाळा मलाही आला होता. खोटं कशाला सांगू. पण तोंडाने निघालं ते वेगळंच. “तुझं घड्याळ एकटं सोडलं तर किती चुकतं, सांग.”

“चुकत नाही. चार वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.”

“कारण उपग्रह त्याचा हात धरून चालवतो. तो नसला तर?”

“तो नसेल कशाला?”

“युद्धात पहिल्यांदा तोच नसतो, निनाद. वेळेच्या लहरी दाबून टाकायला एक गलबतभर यंत्रं पुरतात. एकवीस स्टेशनं नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव आणि एकालाही स्वतःची चूक ठाऊक नाही.”

“म्हणजे एकवीस जण मूर्ख आणि तू एकटी शहाणी.”

“मूर्ख नाहीत. चाचणी घेतली की अंक जातो, मग कोण घेईल? मी तरी कुठे कोणाला नावं ठेवतेय?”

“आत्ताच ठेवलीस!” तो ताटावरून उठला. सुरमईची तुकडी तशीच. “तुझी वही तुझ्यापाशी. एक तारखेला ते तुझं स्टेशन बंद करतील, मग त्या कातळावर बसून लिही कुणाचं घड्याळ किती चुकतं ते.”

आबा शांतपणे भात कालवत होते. निनाद बाहेर गेल्यावर म्हणाले, “माणूस वाईट नाय गो तो. त्याला चूक दिसली की पुसावीशी वाटते. आई-बापानी तसंच शिकवलंन.” मग थोड्या वेळाने, “तुकडी उचल ती. मांजर खाईल.”

निनाद त्याच संध्याकाळी श्रीवर्धनला निघून गेला. सोमवार, मंगळवार, बुधवार त्याचा फोन नाही आणि माझाही नाही. मंगळवारी मी नेहमीप्रमाणे तार काढली. अंक एक्केचाळीसवर आला.

गुरुवारी, अठरा तारखेला, दुपारी बारा चाळीसला उपग्रहाची वेळ गेली.

पहिल्यांदा मला वाटलं, आपलीच तार निसटली. मग सामायिक लाईनवर एकेक स्टेशन बोलायला लागलं: पाचवर वेळ नाही, अकरावर नाही, वीसवर नाही. मुख्य कक्षातून डॉक्टर शमीम परकार यांचा आवाज आला. ‘सागरकान’च्या त्या प्रमुख, मूळच्या दापोलीच्या. आवाज नेहमी असा की बाई भाजी निवडता निवडता बोलतायत असं वाटावं. “सगळ्यांनी शांत राहा. कुणीतरी लहरी दाबतंय. घड्याळं स्वतःच्या चालीवर राहू देत. ती चांगली आहेत.”

चांगली होतीच. पण कातळावर ऊन मी म्हणत होतं आणि पेटीतला पारा चव्वेचाळीसवर होता. मी वही उघडून बसले. पहिला तास: सत्तावन्न नॅनोसेकंद पुढे. दुसरा तास, उकाडा वाढल्यामुळे: चौसष्ट.

आमचे राखणदार गुरवकाका दारात आले. “बाई, जेवाचं नाय काय आज? दोन वाजून गेले.”

“काका, आज काहीतरी होणार आहे.”

ते आत आले, स्टूल ओढून बसले आणि डबा मांडीवर घेऊन माझ्याबरोबर पडद्याकडे बघत राहिले. जेवले नाहीत.

दोन चौतीसला उष्णता पाहणाऱ्या उपग्रहाने ज्वाळा पाहिली. अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून चौदाशे किलोमीटरवर. एका मालवाहू जहाजाचा कुणीतरी ताबा घेतला होता. ते कोण आणि त्यांना काय हवं होतं, त्याची चौकशी पुढे वर्षभर चालली. त्या क्षणी एवढंच कळलं की एक क्षेपणास्त्र निघालंय आणि ते दोन पंचेचाळीसच्या सुमाराला मुंबईवर पोचेल.

दोन सदतीसला मोठ्या रडारने ते धरलं. दोन अडतीसला एकाचे पाच झाले.

पाच ठिपके. वरच्या थरात त्या टप्प्यात पोचू शकतील असे रोधक दोन. परकार मॅडम म्हणाल्या, “सागरकान, खरा कुठला?”

पडद्यावर उत्तर आलं: तिसरा, बावीस टक्के. लगेच बदललं: पहिला, एकवीस टक्के. मग पाचवा. पाचांतून डोळे मिटून एक उचलला असता तरी तेवढीच शक्यता होती. कारण मला दिसत होतं. प्रत्येक घड्याळ आपल्या परीने सरकलं होतं. एका स्टेशनला दुसऱ्या ठिपक्याचं ऐकू आलेलं तिसऱ्याच्या नावावर जात होतं, दुसऱ्या स्टेशनचं पहिल्याच्या. सगळं ऐकणं एकमेकांत कालवलं गेलं होतं. आणि प्रत्येक स्टेशन सांगत होतं: माझी चूक शून्य.

आपली चूक किती ते नेमकं ठाऊक असलेलं एकच घड्याळ त्या किनाऱ्यावर होतं आणि ते बोलू शकत नव्हतं. मी माईकचं बटण दाबलं. ‘अंक अपुरा.’ पुन्हा दाबलं. ‘अंक अपुरा.’

“काका, तो फोन!”

स्टेशना-स्टेशनांमध्ये जुने टेलिफोन होते, खांबावरच्या तारेचे. मी नऊ नंबर फिरवला. एक घंटा वाजली. दुसरी पुरी वाजली नाही.

“निनाद, तुझा माईक उघडा आहे. फोन त्याच्याजवळ धर. मला मॅडमशी बोलायचंय.”

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. बंद केलेल्या स्टेशनला आपला माईक देणं म्हणजे नियमभंग. बढतीचं पत्र त्याच्या समोरच्याच कपाटात असणार. मी विनवणी करायला तोंड उघडलं.

“बोल,” तो म्हणाला. “धरलाय.”

“मॅडम, सतरा नंबरवरून हेमांगी भाटकर. माझं घड्याळ आत्ता एकशे एकवीस नॅनोसेकंद पुढे आहे. अंदाज नाही. दोन वर्षांच्या नोंदी आहेत, याच उकाड्यातल्या. एवढं वजा करा आणि माझं घड्याळ खरं धरा. पाचही ठिपके सगळ्यांनी ऐकलेत. त्यांची वाट ठरलेली आहे, वर फेकलेल्या दगडाची असते तशी. एक घड्याळ खरं कळलं तर त्या वाटेवरून बाकी एकवीस जणांची चूक उलटी काढता येईल.”

“सतरा बंद आहे,” लाईनवर कुणीतरी म्हणालं.

“गप्प बसा,” परकार मॅडम म्हणाल्या. भाजी निवडणं थांबलं होतं. “सतरा आधार धरून गणित फिरवा. वजा एकशे एकवीस.”

सहा सेकंद लागले. तेवढ्यात गुरवकाकांनी डबा खाली ठेवून हात जोडले होते.

“आलं उत्तर,” मॅडम म्हणाल्या. “पण यंत्र ते स्वीकारत नाहीये. ते म्हणतंय, एक्केचाळीस टक्क्यांच्या एका स्टेशनवरून एकवीस चांगली स्टेशनं चुकलेली मानावी लागतील. मला दुसरं कुणीतरी हवं. एक तरी. आपलं घड्याळ एकटं किती चुकतं, हे आणखी कुणी मोजलंय का?”

दोन एक्केचाळीस. लाईनवर कुणी बोलेना. एकवीस स्टेशनं, एकवीस चांगली माणसं, सगळ्यांचे अंक नव्वदीच्या पुढे.

आणि मग फोनमध्ये माझ्या कानाशी आणि लाईनवर सगळ्यांच्या कानांशी निनादचा आवाज एकदमच आला.

“मॅडम, नऊ नंबर. मी मोजलंय. या सोमवारपासून तीन दिवस. राखीव घड्याळ पुढे करून मुख्य घड्याळ दोन-दोन तास तोडलं होतं. यंत्राला कळू दिलं नाही. नोंद कुठेही पाठवलेली नाही, वहीत आहे.”

“ते नंतर बघू. किती?”

“मागे आहे. एकशे त्र्याहत्तर.”

मॅडम म्हणाल्या, “सतरावरून काढलेलं नऊचं उत्तर माझ्यासमोर आहे. एकशे एकाहत्तर मागे.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दीडशे किलोमीटरवर बसलेला माझा नवरा, भांडून गेलेला, तीन दिवस चोरून माझीच चाचणी घेत होता! आणि दोन वह्यांत फक्त दोन नॅनोसेकंदांचा फरक होता, दोन फुटांचा. एवढं एकमत आमचं चार वर्षांत कशावरही झालं नव्हतं.

“दोन्ही आधार धरा,” मॅडम म्हणाल्या. “यंत्राचा नकार मी माझ्या जबाबदारीवर रद्द करते.”

पडद्यावरचे पाच ठिपके हलले. इतका वेळ धुरकट होते ते एकदम रेखीव झाले, चष्म्याची काच पुसावी तसे. चार थरथरत होते. चौथा संथपणे, अगदी सावकाश डुलत होता. चौथा: सत्त्याण्णव टक्के.

चौथा! सागरकानने आतापर्यंत त्याचं नावही घेतलं नव्हतं.

“चौथ्यावर दोन्ही सोडा.”

रोधक आमच्या सड्यावरून दिसत नाहीत. ते उत्तरेकडून कुठूनतरी सुटले. माझ्यासमोर फक्त दोन हिरव्या रेघा उगवल्या आणि वर चढायला लागल्या. दोन बेचाळीस. मी वहीवर हात ठेवून बसले होते. आपला आकडा पाच नॅनोसेकंदांनी चुकला असेल तर? त्या मंगळवारी पारा वाचताना डोळा चुकला असेल तर? एका शहरातली सगळी माणसं माझ्या अक्षरावर उभी होती आणि माझं अक्षर काही फार सुवाच्य नाही.

“हेमा,” फोनमधून निनाद म्हणाला. तो फोन खाली ठेवायला विसरला होता. म्हणजे सगळं जाळं ऐकत होतं. “हेमा, बरोबर आहे तुझं. घाबरू नकोस.”

दोन त्रेचाळीस आणि अकरा सेकंद. पहिली हिरवी रेघ चौथ्या ठिपक्याला भिडली. ठिपका फुटला, पसरला आणि पुसला गेला. दुसरी रेघ त्या जागेतून आरपार निघून गेली, तिला काही सापडलंच नाही. उरलेले चार तसेच पुढे येत राहिले. खालच्या थराचे रोधक तयार होते, पण त्यांना काही करावं लागलं नाही. हवेत शिरल्यावर चारही फुगे एकेक करून मंदावले आणि जळून गेले. मुंबईत दोन पंचेचाळीसला लोकांनी जेवणानंतरचा चहा घेतला.

लाईनवर डहाणूवाला ओरडला, वेंगुर्लेवाला ओरडला, आणि बावीस सड्यांवर एकच गलका उठला. कुणी टेबलं बडवत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं. माझा माईक बंद होता, म्हणून मी बाहेर कातळावर जाऊन मनसोक्त ओरडून आले. तळपाय भाजले. गुरवकाका तेवढे शांत होते. त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. “आता जेवा. मंबय ऱ्हायली ना जाग्यावर?”

“राहिली, काका!”

पुढचं थोडक्यात सांगते. यंत्रापासून चाचणी लपवली म्हणून निनादची बढती थांबली आणि नऊ नंबरचा अंक नव्व्याण्णववरून अठ्ठावन्नवर आला. हे त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसत होता. तोवर परकार मॅडमनी हुकूम काढला होता: दर मंगळवारी भर दुपारी बावीसही स्टेशनांनी तार काढायची, घड्याळ किती चुकतं ते लिहायचं आणि खरं लिहिलं म्हणून कुणाचाही माईक बंद व्हायचा नाही. पहिल्याच मंगळवारी सगळ्यांचे अंक धाडधाड कोसळले. जाळ्याचा सरासरी विश्वासांक त्र्याण्णववरून चौसष्टवर आला, आणि मॅडमनी त्या दिवशी मुख्य कक्षात पेढे वाटले. सतरा नंबर बंद करण्याचं पत्र त्यांनी स्वतः मागे घेतलं. सोबत निनादसाठी एक ओळ होती: चाचणीची पद्धत शिकवायला बावीसही स्टेशनांवर फिरणारा एक माणूस हवा आहे, मुक्काम रत्नागिरीला.

त्यानंतरच्या शनिवारी रात्री तो घरी आला तो सगळं सामान घेऊनच. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. आठ वाजायला आले तसा आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला, “जावईबापू, इकडे या जरा.”

मी दारात जाऊन उभी राहिले. आबांनी क्रोनोमीटरची पेटी उघडून ठेवली होती. चावी त्यांनी निनादच्या हातात दिली. ही चावी आबांनी मलाही कधी दिली नव्हती. एका घड्याळाला एकच हात, असा त्यांचा नियम. निनादने मोजून चावी दिली, सावकाश, शेवटचा फेरा हलक्या हाताने. मग मोबाइलात बघितलं, काट्यांकडे बघितलं. त्याची बोटं क्षणभर काचेकडे गेली आणि परत आली.

“चावी दिली, आबा.”

“किती मागं?”

“एकतीस मिनिटं, अडतीस सेकंद.”

त्याने काटे फिरवले होते त्या दिवसापासून साचलेली ती चूक. आबांनी वही त्याच्यापुढे सरकवली, पेन काढून दिलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“लिही,” ते म्हणाले.